"तुम्हीच ठरवा, डॉक्टर" म्हणण्याआधी

मिरजेतल्या कुठल्याही ओपीडीत सकाळी अकराच्या सुमाराला बाकावर बसून राहा, दोन वाक्यं सारखी कानावर पडतील. बाहेर, "अजून किती नंबर हो?" आणि दार जरा उघडं राहिलं की आतून, "साहेब, तुम्हीच काय ते ठरवा, आम्हाला काय कळतंय त्यातलं!" मी उभी नोकरी वॉर्डात काढली, इन्चार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाले. आता भावकीतल्या, भिशीतल्या, गल्लीतल्या कुणालाही दवाखान्यात जायचं असलं की सोबतीला मला बोलावणं येतं. फुकटची सिस्टर कोण सोडेल? त्या सगळ्यांना जे तोंडी सांगते, तेच इथे लिहितेय.

"तुम्हीच ठरवा" हे ऐकायला फार विश्वासाचं वाटतं. सगळं सुरळीत झालं तर डॉक्टर देवमाणूस. काही बिनसलं की तीच मंडळी आमच्या टेबलासमोर येऊन म्हणतात, "आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही." आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. यांनी विचारलेलं नसतं, त्यांनी सांगितलेलं नसतं, सही मात्र झालेली असते. गुडघ्याचा एक्स-रे डॉक्टरांना तुमच्यापेक्षा कितीतरी चांगला वाचता येतो, पण तो गुडघा घेऊन तुम्ही दिवसभर काय काय करता ते त्या फिल्मवर उमटत नाही. ते तुम्हीच सांगायचं असतं. त्यांचं ज्ञान आणि तुमचा दिवस, दोन्ही टेबलावर आल्यावर जे ठरतं, ते पुढे दुखलं-खुपलं तरी माणसाला झेपतं.

आधी घड्याळ बघा

छातीत कळ येऊन घाम फुटलाय, तोंड वाकडं झालंय आणि हात उचलत नाही, अपघात झालाय, बाळंतिणीचं रक्त थांबत नाही: इथे प्रश्नोत्तरं करत बसू नका. "काय करताय ते जाता जाता सांगा" एवढं म्हणा आणि सही करा. "थोरले बंधू कोल्हापूरहून निघालेत, ते आल्यावर ठरवू" असं म्हणत लोक जिन्यात उभे राहिलेले मी पाहिलेत. थोरले बंधू येईपर्यंत हृदयाचा तुकडा मरतो.

पण असे प्रसंग थोडे. बाकी बहुतेक वेळा हातात आठवडे असतात, कधी महिने. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट. किंवा पित्ताशयातले खडे घ्या. भलत्याच कशासाठी तरी केलेल्या सोनोग्राफीत ते दिसतात, पोट कधी दुखलेलंच नसतं. अशा बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, लक्ष ठेवलं की भागतं. पण "खडे आहेत" एवढे शब्द घरी पोचले की सगळ्यांची झोप उडते. म्हणून पहिला प्रश्न कायम हाच: "डॉक्टर, हे आजच ठरवायला पाहिजे का? महिनाभर थांबलो तर काय बिघडेल?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. थांबणं धोक्याचं असेल तर तो का ते सांगतो, आणि तुमचीही टाळाटाळ संपते.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट जोरात विचारा. पाळी जास्त जाते, अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, की लगेच "पिशवी काढून टाका, उगाच पुढे कॅन्सर व्हायला नको." २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या जातात याचा बोभाटा झाला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. या ऑपरेशनची खरोखर गरज असलेल्या बायका असतात, मी त्यांची सेवा केलीय. पण नुसतं पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नव्हे. गर्भाशयातली गाठ साधी असेल आणि पाळी जायचं वय जवळ आलं असेल तर पाळी गेल्यावर ती बहुधा आटत जाते. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे. काढायचंच ठरलं तरी एक विचारल्याशिवाय उठू नका: "अंडाशय ठेवणार ना?" वयाआधी दोन्ही अंडाशय गेले की हाडं लवकर ठिसूळ होतात. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र महिनाभर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

आदल्या रात्रीचा कागद

ओपीडीत तुम्हाला मिळतात पाच-सात मिनिटं. त्यातली दोन "केव्हापासून?" "झाले की बरेच दिवस" यात जातात. म्हणून आदल्या रात्री एका कागदावर चार ओळी लिहा: काय होतंय, केव्हापासून, कशाने वाढतं, आणि त्यामुळे तुमचं कोणतं काम अडलंय. शेवटची ओळ सगळ्यात मोलाची आणि नेमकी तीच कुणी लिहीत नाही. खाली तुमचे प्रश्न लिहा, तीनच. पंधरा प्रश्न घेऊन गेलात तर पंधराव्यापर्यंत डॉक्टरांचा हात घंटीवर गेलेला असतो.

गोळ्यांची नावं लिहू नका, पाकिटंच घेऊन जा. एका पिशवीत सगळी: बीपीची, शुगरची, मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने दिलेली, वैद्यांचा काढा, आणि ती कुठल्याशा गावाहून आणलेली गुडघेदुखीची बिननावाची पुडीसुद्धा. ती पुडी तर आधी दाखवा. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड निघतं. त्याने दुखणं जादूसारखं थांबतं आणि साखर वर जाते, आणि ती का वाढली हे शोधत डॉक्टर फिरत राहतात.

आता नाजूक भाग. विश्वास म्हटलं की लोकांना डॉक्टरांचा प्रामाणिकपणा आठवतो. आपला? लघवी जास्त होणारी बीपीची गोळी एसटीने जायच्या दिवशी बायका घेत नाहीत. वाटेत जायचं कुठे, हा प्रश्न खराच आहे. पण हे डॉक्टरांना सांगत नाहीत. त्यांना दिसतं की बीपी चढलेलंच आहे, ते आणखी एक गोळी वाढवतात, आणि मग दोन्ही एकदम घेतल्यावर बाई चक्कर येऊन पडते. "प्रवासाच्या दिवशी घेत नाही" एवढं म्हटलं असतं तर वेळ बदलून मिळाली असती, नाहीतर गोळीच बदलली असती.

तंबाखूचंही तेच. "तंबाखू खाता का?" "छे, छे." आणि घरी सकाळ-संध्याकाळ मिश्री चालू. मावशी, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. भूलतज्ज्ञांना ते कळलं पाहिजे.

आणि दारू. हे जरा सविस्तर सांगते, कारण हे मी रात्रपाळीत पाहिलंय. माणूस हर्नियाचं ऑपरेशन करून छान बसलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे दिसतात, सलाईन उपटून तो घरी निघतो. चार जण लागतात धरायला. डॉक्टर धावत येतात: जंतुसंसर्ग झालाय का, मेंदूला काही झालंय का? मग मुलगा मला बाजूला घेऊन हळूच सांगतो, "सिस्टर, बाबा रोज एक क्वार्टर घेतात, पण आईसमोर बोलायचं कसं?" रोजची दारू एकदम थांबली की असं होऊ शकतं, आणि आधी कळलं तर त्यावर औषध देऊन ते बरंचसं टाळता येतं. आईसमोर बोलायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. आम्ही कुणाच्या आईला सांगायला जात नाही.

तुमचा दिवस सांगा

माझ्या एका चुलत सासूबाईंना घेऊन मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तासगावकडचं खेडं, वय सत्तरीच्या आत-बाहेर, दोन्ही गुडघे वाकलेले. डॉक्टर चांगले, हात चांगला, पण कमी बोलणारे. फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "दोन्ही झिजलेत आजी. बदलून घ्या, मस्त चालाल."

काकी म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "काकी, तुमचा दिवस कसा असतो ते सांगा की सरांना."

त्यांना आधी कळेना यात सांगण्यासारखं काय आहे. मग सांगायला लागल्या. पहाटे उठून अंगण, भाकऱ्या खाली बसूनच, ओट्यावर जमत नाहीत. संडास जुन्या पद्धतीचा. आणि एकादशीला देवळात भजन, पहिल्या ओळीत मांडी घालून, टाळ त्यांच्याकडे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आजी, मग नीट ऐका. गुडघा बदलल्यावर दुखणं बरंच जाईल, चालणं सुधारेल. पण मांडी घालून, उकिडवं बसायचं नाही असं मी सांगेन. घरात कमोड लागेल, भजनाला खुर्ची लागेल."

"खुर्चीवर बसून भजन? बायका हसतील मला."

डॉक्टरही हसले, आणि मग पहिल्यांदा खरं बोलणं सुरू झालं. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, वजन थोडं कमी, काठी, दुखेल तेव्हाच गोळी, आणि गुडघा बदलायला तारीख उलटून जात नाही ही खात्री. काकी त्या वेळी ऑपरेशन न करता परतल्या. पुढे दिवाळीनंतर रात्री दुखून जाग यायला लागली तेव्हा स्वतःच फोन केला: "अगं, आता खुर्ची चालेल म्हणावं." त्याच डॉक्टरांकडे, आधी एक गुडघा, मग दुसरा. घरात कमोड आधी बसला, तारीख नंतर घेतली.

यात डॉक्टरांचा पहिला सल्ला चुकीचा नव्हता. त्यांना एकादशीचं माहीत नव्हतं, एवढंच.

विचारायचं कसं

आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे उलट बोलणं, असं बसलंय डोक्यात. तेव्हा सुरुवात अशी करा: "सर, तुम्ही सांगताय ते पटतंय. घरी सगळे मलाच विचारणार, म्हणून नीट समजून घेते." हे खोटं नाही, घरी विचारतातच. आणि समोरच्याच्या कपाळावरची आठी जाते. मग विचारा: याला दुसरा काही मार्ग आहे का, आणि काहीच नाही केलं तर काय होईल? यात वाईटात वाईट काय होऊ शकतं, आणि ते शंभरात कितींना होतं? झाल्यावर मी कामाला केव्हा लागेन, घरात माणूस किती दिवस लागेल? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सुनेची रजा, द्राक्षाची छाटणी, नातीची बारावी, सगळं त्यावर अडलेलं असतं.

आकडा शंभरातच मागा. "या गोळीने धोका निम्मा होतो" हे ऐकून माणूस भारावतो. निम्मा म्हणजे कितीचा किती? शंभरात चाळीसचे वीस झाले तर गोष्ट वेगळी, दोनचा एक झाला तर वेगळी. दुसऱ्या बाबतीत शंभर जणांनी गोळी घेतली की एकाचा फायदा, बाकी नव्याण्णवांचं होतं ते तसंच राहतं. तरीही घ्यावीशी वाटेल, त्यात गैर काही नाही. पण ते कळून घ्या.

"तुमच्या आईला असं झालं असतं तर काय केलं असतंत?" हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. विचारा, पण शेवटी. तुमचा दिवस सांगून झाल्यावर. नाहीतर डॉक्टर स्वतःच्या आईचं उत्तर देतात, आणि त्यांच्या आई बहुधा पुण्यात फ्लॅटमध्ये राहतात.

गूगलवर वाचून जाण्यात काही वाईट नाही. फक्त मोबाइल समोर धरून "इथे तर असं लिहिलंय" म्हणू नका. "मी असं वाचलं, मला ते लागू आहे का?" म्हणा.

कॅथलॅबच्या दारात

हा एक प्रसंग मुद्दाम वेगळा काढते, कारण इथे ठरवायला कुणालाच वेळ नसतो. वडील अँजिओग्राफीला, म्हणजे हृदयाच्या नसांत कुठे अडथळा आहे ते बघायला, कॅथलॅबमध्ये गेलेत. बाहेर आई, मुलगा, जावई. थोड्या वेळाने दार उघडतं, शिशाचा अॅप्रन घातलेले डॉक्टर मुलाला आत बोलावतात आणि करड्या पडद्यावर वळवळणाऱ्या नसा दाखवतात. "ही बघा, इथे नव्वद टक्के. आत्ताच स्टेंट टाकून घेऊ, पुन्हा टोचायला नको. काय करू?" मुलाला पडद्यावरचं ओ का ठो कळत नाही, स्टेंट म्हणजे नस उघडी धरणारी बारीक जाळी हेही नाही. त्याला दिसतात ते फक्त हिरव्या चादरीखालून आलेले वडिलांचे पाय. तो म्हणतो, "टाका."

दुसरं काही म्हणणं त्या जागी शक्यच नसतं. म्हणून हे आदल्या दिवशी बोला. हार्ट अटॅक आलेला असेल तर नस ताबडतोब उघडणं हाच उपाय, तिथे हा सगळा परिच्छेद विसरा. पण जिना चढताना छातीत भरून येतं, थांबलं की जातं, आणि हे बरेच महिने तसंच आहे, अशा माणसाला विचारायला जागा आहे: "सर, नुसत्या औषधांवर राहिलो तर?" २०२० साली इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३७ देशांतले ५,१७९ पेशंट, त्यात भारतातलेही. निम्म्यांची सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून जमेल तिथे स्टेंट किंवा बायपास. निम्म्यांना आधी नीट औषधं, आणि लागलंच तर पुढे ते. तीनेक वर्षं बघितल्यावर मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत ठळक फरक निघाला नाही. ज्यांना वरचेवर छातीत दुखायचं त्यांना मात्र स्टेंट-बायपासने जास्त आराम पडला. मुख्य डाव्या नसेत मोठा ब्लॉक असलेले किंवा हृदय फार कमजोर झालेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते, त्यामुळे त्यांना हे लावू नका.

म्हणजे पुन्हा तुमचा दिवस आला. सायकलवरून दूध घालणाऱ्याला जिन्यावरचं दुखणं म्हणजे पोटावर पाय. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत फिरणाऱ्या आजोबांना गोळ्यांवर आरामात दिवस काढता येत असतील. शिवाय स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने न चुकता घ्याव्या लागतात. दात काढायचाय, दुसरं ऑपरेशन ठरलंय, तर ते आधी सांगा. आणि फॉर्मवर सही करताना स्पष्ट विचारा: "ही संमती फक्त अँजिओग्राफीची, की ब्लॉक दिसला तर स्टेंटचीही?" जे ठरलं ते तिथेच लिहून घ्या. स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये. पुढे ती बदलत गेलीय, पण मर्यादा आहे. बिलात स्टेंट वेगळा दाखवलेला हवा आणि त्याच्या खोक्यावरचा स्टिकर फाईलला लावलेला हवा.

सही कुणाची?

पेशंटची. शुद्धीवर असलेल्या, सज्ञान माणसाची स्वतःची. आमच्याकडे पन्नाशीची, शाळेत शिकवणारी बाई कॉटवर बसलेली असते आणि फॉर्म घेऊन सगळे तिच्या नवऱ्याला शोधत फिरतात. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा एक निकाल आहे. एका बाईने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. कोर्टाने सांगितलं, जीवावर बेतलेलं नव्हतं, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती ती मुलीची संमती होत नाही.

नातेवाईकांनी जावं जरूर, पण दोघांनी. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. पाच जण आत शिरले की पाच जण पाच वेगवेगळ्या गोष्टी ऐकून बाहेर येतात. आणि ते "आजींना सांगू नका हं डॉक्टर, खचतील"? आजींना बहुतेक वेळा कळलेलं असतं. वॉर्डात रात्री दोन वाजता त्या मलाच विचारायच्या, "सिस्टर, माझं काय खरं नाही ना?" आणि सकाळी मुलगा आला की त्याच्यासाठी न कळल्याचं नाटक करायच्या. सरळ मार्ग हा: डॉक्टरांना सांगा, त्यांनाच विचारा, "आजी, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती सांगू? सगळं, की मुलाला सांगितलं तर चालेल?" काही जणी म्हणतात, मुलाला सांगा. मग तसं. पण विचारून. तब्येत बरी आहे तोवर, शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर लावायचा की नाही हेही घरात बोलून ठेवा. आपली इच्छा आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता ते नोटरीपुढे करता येतं.

फॉर्म वाचा. ऑपरेशनचं नाव, बाजू डावी की उजवी, आणि जागा कोरी सोडलेली नाही ना, एवढं तरी बघाच. मग डॉक्टरांना किंवा आमच्यापैकी कुणाला तरी आपल्या शब्दांत सांगून दाखवा: "म्हणजे तुम्ही उजव्या बाजूला तीन भोकं पाडून दुर्बिणीने करणार, नाही जमलं तर पोट उघडणार. बरोबर?" अथणी, रायबागकडून आलेले पेशंट मराठीत समजावलं की मान हलवत राहायचे. सांगून दाखवा म्हटलं की कळायचं, निम्मं पोचलेलंच नाही. मग कानडी येणाऱ्या आयाबाईंना बोलवायचो. त्या जे दोन मिनिटांत समजावायच्या ते आमच्याच्याने व्हायचं नाही.

पैशाचं बोला

लाजू नका. निम्मा अविश्वास पैशातून येतो, आणि कट प्रॅक्टिसबद्दल, म्हणजे पेशंट पाठवल्याच्या कमिशनबद्दल, लोक जे बोलतात ते काही हवेतून आलेलं नाही. मनात संशय ठेवून "हो, हो" म्हणण्यापेक्षा विचारलेलं बरं: "सगळा मिळून अंदाजे किती? लिहून मिळेल का? जास्त दिवस राहावं लागलं तर?" महात्मा फुले योजनेत हे बसतं का, ते योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात त्यांना विचारा, भरती व्हायच्या आधी. डिपॉझिट भरल्यावर नव्हे. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावायची असते. बाकावर बसल्या बसल्या ती वाचून काढा, नाहीतरी नंबर लवकर येत नाही. औषधं आतल्याच दुकानातून घ्यायची सक्ती नसते, हेही त्या हक्कांत आहे.

दुसरं मत घ्यायचं तर चोरून जाऊ नका. "सर, एवढं मोठं ऑपरेशन, एकदा दुसरीकडे दाखवून येते, फाईलची कॉपी मिळेल का?" मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात, हा डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतलाच नियम. दुसऱ्यांना सगळे रिपोर्ट द्या, पण पहिल्यांनी काय सुचवलं ते त्यांनी स्वतःचं मत दिल्यावर सांगा. दोघांचं जमलं नाही तर प्रत्येकाला "का?" एवढंच विचारा. ज्याचं "का" तुम्हाला घरी नीट सांगता येईल, त्याच्याकडे जा. तिसरा, चौथा, पाचवा करत बसलात की हवं ते बोलणारा कुणीतरी सापडतोच, आणि त्यात आजार पुढे सरकतो.

डॉक्टर बोलतच नसतील तर

चालत्या ओपीडीत अडून बसू नका. "मला आणखी दहा मिनिटं हवीत, शेवटी येऊ का?" म्हणा. बरेच डॉक्टर शेवटच्या पेशंटशी वेगळेच वागतात, मी पाहिलंय. राउंडच्या वेळी नातेवाईक खाली चहाला गेलेले असतात आणि मग दिवसभर "डॉक्टर भेटतच नाहीत" म्हणतात. राउंड केव्हा होते ते सिस्टरला विचारा आणि तेव्हा कॉटशेजारी कागद घेऊन उभे राहा. "डॉक्टर मी आहे की तुम्ही?" असं कुणी म्हणालं आणि ऑपरेशनला घाई नसेल, तर नमस्कार करून उठा. सरकारी दवाखान्यात तशी निवड नसते, तिथे राहणारे शिकाऊ डॉक्टर, वॉर्डातली सिस्टर, गावातली आशाताई यांना धरा. शिकाऊ मुलं दमलेली असतात, पण प्रेमाने विचारलं तर चित्र काढून समजावतात.

ठरल्यावर मन बदललं तर? बदलू शकतं. भूल देईपर्यंत "मला आज नको" म्हणायचा हक्क तुमचा आहे. फक्त ते सिस्टरला सकाळी सांगा, ऑपरेशनच्या टेबलावर नको. आणि सगळं ठरल्यासारखं पार पडून घरी निघताना डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथेच उभं राहून दोन गोष्टी त्यावर लिहून घ्या: काय झालं तर लगेच परत यायचं, आणि रात्री दोनला ते झालं तर फोन कुठल्या नंबरवर करायचा. छापील नंबर असतो, तो रिसेप्शनचा, रात्री कुणी उचलत नाही. वॉर्डाचा मागा.